मुर्मानला आणायला

माझी थोरली जाऊ झुझुना जन्माची भित्री. कुत्र्याला भिणार, टेलिफोनला भिणार, बसच्या दाराला तर फारच भिणार, कुणाची तरी बोटं त्यात अडकतील म्हणून. लग्न होऊन मी ओखुरेला आले त्याच दिवशी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "दोदो, विहिरीत वाकून बघत जाऊ नकोस हं. आपल्या विहिरीला ओढ आहे." मी झुग्दिदीची, शहरातली. मला हसूच फुटलं. पण ती इतक्या कळवळ्यानं सांगत होती की मी गुमान मान डोलावली. पुढं वीसेक वर्षं आम्ही दोघींनी एका चुलीवर काढली, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की ही बाई स्वतःसाठी कधी भीतच नाही. हिची सगळी भीती दुसऱ्यांसाठी असते.

एकच गोष्ट तिच्या हाती आली की ती भीती विसरायची: चार तारांची चोंगुरी. लग्नाकार्यात वाजवणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण कुणाच्या पोराला गोवर निघाला की बोलावणं हिलाच. आमच्याकडे गोवर आला म्हणत नाहीत, पाहुणे आले म्हणतात. पाहुण्यांवर चिडायचं नाही, उशाशी फुलं ठेवायची, गाणं म्हणायचं आणि राजीखुशीनं त्यांना वाटेला लावायचं. ओखुरेत निम्मी घरं आम्हा मिंग्रेलांची आणि निम्मी अबखाझांची. झुझुना दोन्हीकडे जायची. रात्रभर पोराच्या खाटेशी बसून गायची आणि सकाळी चीज आणि अक्रोड रुमालात बांधून घरी यायची.

मग मॉस्कोचं राज्य मोडलं. मोठी माणसं टीव्हीवर मोठमोठं बोलायला लागली. ही जमीन कुणाची, इथला मालक कोण आणि पाहुणा कोण. आमच्या गावात गोठ्यातलं शेण काढायची वेळ आली की सगळेच मालक होते, तेव्हा कुणी भांडत नव्हतं. पण बघता बघता माणसं बदलली. दुकानात रांगेत उभी असलेली अबखाझ शेजारीण मला बघून आपल्या भाषेतलं बोलणं मधेच तोडायची. पोरांच्या हातात बंदुका आल्या, आमच्या आणि त्यांच्याही. झुझुनाचा एकुलता एक मुर्मान, तोही चार महिने बंदूक घेऊन फिरला. घरी आला की ती बंदूक दाराबाहेर कांद्याच्या जुडीखाली झाकून ठेवायचा, आईला भीती वाटते म्हणून.

सप्टेंबर संपता संपता सोखुमी शहर अबखाझांच्या हाती पडलं आणि आम्ही सगळे पळालो. पळालो म्हणजे जे हाताला लागलं ते घेऊन रस्त्यावर आलो. ओकुमी नदीचा पूल ट्रॅक्टर, गाड्या आणि माणसांनी असा तुंबला होता की सुई शिरायला जागा नव्हती. मुर्मान म्हणाला, गाईला मी खालच्या उतारानं पाण्यातून पलीकडे नेतो. वर डोंगरात पाऊस झालेला होता, हे आम्हाला कुठं माहीत? गाय पलीकडे निघाली. मुर्मान निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो खाली वाळूत सापडला. भांडी आणि गाद्या लादलेल्या ट्रेलरवर घालून त्याला सरहद्द झालेल्या इंगुरी नदीच्या अलीकडे, आमच्या लोकांच्या भागात आणलं आणि झुग्दिदीच्या बाहेरच्या स्मशानात पुरला. ती गाय आम्ही एक हिवाळा सांभाळली. झुझुना तिच्याजवळ कधी गेली नाही. दूध मीच काढायचे.

तेव्हापासून आम्ही ट्रॅक्टर दुरुस्ती शिकवणाऱ्या एका जुन्या शाळेच्या वसतिगृहात राहतो. एका खोलीत दोन कुटुंबं, मधे एक फळा आडवा लावलेला. फळ्यापलीकडे लामारा राहायची. तिचं घर तिच्या डोळ्यांदेखत जळलं होतं, त्यामुळं तिच्या जिभेला कुणी लगाम घालायला जात नसे. माझा नवरा रशियात कुठल्याशा बाजारात फळं विकत होता आणि झुझुनाचा तर केव्हाच वारला होता. थोडक्यात, आम्ही दोघी एकमेकींच्या जिवावर.

आणि झुझुनाला स्वप्न पडायला लागलं.

"दोदो, तो येतो गं. जिन्याशी उभा असतो. पायपुसण्यावर पाय पुसतो, पुसतच राहतो. मी म्हणते, आत ये. तर म्हणतो, ओला आहे गं आई, कसा येऊ?"

हे ती मला रोज सकाळी सांगायची. तिला काय म्हणायचंय ते कळायला मला फार वेळ लागला नाही. आमच्या लोकांत पाण्यात गेलेल्याचं शरीर सापडतं, जीव सापडत नाही. तो पाण्यातच राहतो. त्याला आणायला जावं लागतं. जिथं बुडाला तिथं नदीवर रेशमाची दोरी ताणायची, तिला बोकडाच्या कातड्याची पखाल उघड्या तोंडानं टांगायची, चोंगुरी वाजवायची आणि नाव घेऊन बोलवायचं. पखाल फुगली की तोंड बांधायचं. मग ती वाटेत उघडायची नाही, जमिनीवर टेकवायची नाही. थडग्याशी आणून तोंड मोकळं करायचं, म्हणजे माणूस घरी आला.

"जाऊबाई," मी म्हटलं, "ओकुमी आता त्यांच्याकडे आहे."

"माहीत आहे मला."

"तुम्ही रस्ता ओलांडताना माझा हात धरता."

"म्हणून तर तुला विचारतेय."

तिला एकटीला पाठवली असती तर मला अन्न गेलं नसतं.

खाटकाकडून बोकडाचं कातडं आणलं. ते मीठ आणि कोंडा लावून मऊ करायचं काम झुझुनानं आमच्याच खोलीत काढलं. वास असा की फळ्यापलीकडून लामारा ओरडली, "काय गं, आज जेवायला बूट शिजवलेत का?" झुझुना मलाच कुजबुजून म्हणाली, तिला सांग, खिडकी उघड, उगीच डोकं दुखायचं तिचं. रेशमाची दोरी मात्र तिच्याकडे होती. पळताना तिनं भांडं घेतलं नव्हतं, कोट घेतला नव्हता, आईनं दिलेली रेशमाची दोरी आणि चोंगुरी तेवढी घेतली होती. तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं.

ऑगस्टमध्ये निघालो. तेव्हा पलीकडच्या गाली भागातल्या बागांत हेझलनट पिकतात आणि आमच्या बाया जीव मुठीत धरून इंगुरीच्या पुलावरून जातात, आपल्याच झाडांची फळं चोरून आणल्यासारखी आणतात. त्या घोळक्यात आम्ही दोघी. पुलाच्या मधोमध शांतिसैनिकांची चौकी होती. उन्हानं सोललेल्या नाकाचा एक रशियन पोरगा प्रत्येक पिशवीत हात घालून बघत होता. रिकामी पखाल त्यानं उलटसुलट केली, चोंगुरीकडे बघून विचारलं, "गाणंबजावणं आहे वाटतं?"

"लग्न आहे," मी म्हटलं.

पुढं गेल्यावर झुझुना म्हणाली, "दोदो, परत येताना हा असाच हात घालेल गं."

"परत येताना बघू."

"त्यानं गाठ सोडली तर? पुलावरच सुटेल तो. ना इकडचा, ना तिकडचा."

दिवसभर तिनं ते मला पुन्हा पुन्हा विचारलं.

गालीपासून एका ओळखीच्या गाडीवानानं आम्हाला घोडागाडीत घेतलं. चोंगुरी पोत्यांखाली घातली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांची नुसती धुरांडी उभी होती आणि संत्र्यांच्या बागांत माणसाच्या उंचीचं गवत. गाडीवान एकच सांगत होता, रस्ता सोडून पाऊल टाकू नका, गवतात काय पुरलंय ते पुरणाऱ्यालाही आठवत नाही. एकदा समोरून एक बिनकाचेची मोटार आली, आत बंदुका घेतलेली पोरं. गाडीवानानं टोपी काढून हात केला. मोटार हळू झाली, पोरांनी आमच्याकडे बघितलं आणि पुढं गेली. झुझुनानं माझा हात इतका घट्ट धरला होता की तिची नखं उमटली. ती म्हणाली, "केवढीशी आहेत गं. त्या गाडीचं दारसुद्धा नीट लागत नाही."

गाडीवानानं आम्हाला उतारापाशी सोडलं. संध्याकाळच्या आत येतो म्हणाला आणि घोडा असा पिटाळला की तो परत येईल याची मला मुळीच खात्री वाटेना.

नदीला पाणी थोडं होतं. एवढ्याशा पाण्यात माणूस बुडतो? मला रडू आलं आणि रागही आला. झुझुनानं मात्र पाण्याकडे बघितलंही नाही. तिनं काठावर एक काठी रोवून तिला दोरी बांधली, मी चपला काढून पलीकडे गेले आणि दुसरं टोक एका झाडाला बांधलं. मधोमध पखाल टांगली. मग ती दगडावर बसली, चोंगुरी मांडीवर घेतली आणि मोठ्यानं, आमच्या भाषेत, गायला लागली. मी मनात म्हणत होते, हळू गं बाई, हळू, कुणीतरी ऐकेल. पण बुडालेल्या माणसाला हळू हाक ऐकू जाते का?

"ये रे मुर्मान, वाट कोरडी आहे. ये रे मुर्मान, शर्ट वाळत घातलाय..."

पखाल लोंबत राहिली. ऊन कललं. तिचा आवाज बसला तरी ती गात होती. मला प्रत्येक पान हललं की बंदूक दिसत होती. शेवटी नदीवरून वाऱ्याची एक झुळूक आली आणि पखाल हळूहळू भरली. वाराच होता, मला कळत नाही असं नाही. पण मी जाऊन तोंड धरलं तेव्हा ती पखाल माझ्या हाताला जड लागली. झुझुना पाण्यातून धावत आली आणि गाठ मारू लागली. तिच्या बोटांना काही जमेना.

"पक्की मारा," मागून आमच्याच भाषेत कुणीतरी म्हणालं. "घाई करू नका. मी थांबतो."

झाडामागून एक चाळिशीचा माणूस पुढं आला. गालावर दाढीचे खुंट, खांद्याला बंदूक. बोलणं मिंग्रेल, पण हेल अबखाझ. गाठ बसेपर्यंत तो खरंच थांबला. मग टोपी काढून तो वाळूवर बसला.

"कोण होता?"

"मुलगा," झुझुना म्हणाली.

"पळताना?"

"हो."

"माझा भाऊ. आल्खास. इथंच." त्यानं हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं. "आम्ही तुमच्या मागं आलो होतो. दोन दिवसांनी. काडतुसांचा पट्टा कमरेला, जड बूट. गोळी नव्हती लागली त्याला, पाण्यानंच नेला. मी बाताल. आबझिराचा आहे, टेकडीमागं."

"मग तुम्ही आणलं नाहीत त्याला?" मी विचारलं.

"कोण आणणार? दोरी आहे, कातडं आहे. आमच्याकडे गाणारी एकच होती आणि ती तुमच्यातली होती. तिला आम्हीच हाकललं."

मला वाटलं, बरं झालं, भोगा आता. ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात तो खाली मान घालून म्हणाला, "एक सांगायचंय. तुम्ही गात होतात तेव्हा मी झाडामागं होतो. तुम्ही मुर्मान म्हणत होतात, तेव्हा मी आल्खास म्हणत होतो. मनात नव्हे. तोंडानं."

झुझुनाचा चेहरा पांढरा पडला. मला कळायला एक क्षण लागला, आणि कळलं तेव्हा माझा तोल गेला.

"मेल्या! दुसऱ्याच्या ताटात हात घालायला लाज नाही वाटली तुला? घर घेतलंत, बागा घेतल्यात, आता एवढी एक हाकसुद्धा आम्हाला नीट मारू देऊ नका!"

"लाज वाटायला भान कुठं होतं, ताई? दोन वर्षांत पहिल्यांदा ते गाणं ऐकलं. तोंडातून निघून गेलं."

"मग आता या पखालीत कोण आहे?"

"तेच तर," तो म्हणाला. "मला माहीत नाही."

आम्ही तिघंही त्या फुगलेल्या कातड्याकडे बघत राहिलो. झुझुनानं ते तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. माझं लक्ष त्याच्या बंदुकीवर होतं. ते त्याच्या लक्षात आलं.

"हिसकावायची असती तर केव्हाच हिसकावली असती. पण हिसकावलेल्या पखालीत कुणी राहत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"पुन्हा गाऊ," मी म्हटलं. "जाऊबाई, सोडा गाठ, पुन्हा टांगू. याला लांब पाठवू."

"जो आत आलाय त्याला परत पाण्यात ओतू?" झुझुना म्हणाली. "इतकी विनवणी करून बोलवलं आणि आता ओतू?"

मग ती बातालला म्हणाली, "तुझी आई आहे?"

"आहे."

"घर किती लांब आहे?"

मी तिचा दंड धरला. "डोकं फिरलंय तुमचं? यांच्या गावात जाऊन पखाल उघडणार? आणि मुर्मानच उतरला तर?"

"आणि मी न उघडता घेऊन गेले, आणि त्या बाईचा मुलगा आपल्याकडच्या मातीत शिरला तर? कुणी ओळखीचं नाही, कुणी त्याच्या भाषेत बोलणारं नाही. लामारा दिवसभर शिव्या देणार यांच्या नावानं. कसा राहील गं तो तिथं? थोडंसं तोंड सैल करेन. त्याच्या आईनं हाक मारायची. तिचा असेल तो उतरेल. लगेच बांधेन. मुर्मान काही परक्या हाकेला जाणार नाही."

जन्मभर विहिरीला भिणारी बाई, ती चालायला लागली. मी चोंगुरी उचलली आणि मागं गेले. दुसरं काय करणार?

आबझिराच्या पहिल्या घरापासूनच माणसं कुंपणाशी यायला लागली. एक म्हातारा बातालला त्यांच्या भाषेत काहीतरी कडक बोलला, बातालनं नुसतं पखालीकडे बोट दाखवलं आणि म्हातारा वाटेतून बाजूला झाला. पण मागून दोन तरुण पोरं चालत होती, त्यांना काही त्या कातड्याचा अर्थ कळत नव्हता. ती एकमेकांत हसत होती. उद्या आम्ही पुलावर पोचू की नाही, हा विचार माझ्या डोक्यात घण घालत होता.

त्यांच्यात माणसाला घराच्या आवारातच पुरतात. अक्रोडाच्या झाडाखाली आल्खासच्या थडग्याभोवती लोखंडी कठडा होता. बातालची आई मक्याची कणसं सोलत बसली होती. तिनं आम्हाला बघितलं, पखाल बघितली. कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. उठली, आत जाऊन हात धुऊन आली, आणि कठड्याचं दार उघडून उभी राहिली. बाताल फाटकात जाऊन थांबला, कुंपणाकडे तोंड करून.

झुझुना गुडघ्यांवर बसली. मी शेजारी चोंगुरी धरून होते, वाजवायची कशी ते मला ठाऊक नाही. ती म्हातारीला म्हणाली, "मी बोटभर सैल करते. तुम्ही बोलवा."

म्हातारीनं हाक मारली. मला अबखाझ फारसं येत नाही, पण तिनं काही गाणं म्हटलं नाही की रडली नाही. संध्याकाळी जेवायला बोलवतात तशी हाक होती. मला सांगायला लाज वाटत नाही, ती ऐकून मीसुद्धा उठून गेले असते.

पखालीचं तोंड सैल झालं. हवा निघायला लागली.

"बांधा," मी म्हटलं. झुझुनाचे हात दोरीवर होते. "जाऊबाई, बांधा आता! बांधा!"

तिनं बांधली नाही. हवा जात राहिली, कातडं बसत गेलं, आणि बघता बघता तिच्या मांडीवर नुसती एक सुरकुतलेली पिशवी उरली.

मी ओरडले, "काय केलंत हे? का नाही बांधलंत?"

"बांधत होते गं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "पण कुणीतरी निघत होतं ना. निम्मा आत, निम्मा बाहेर असताना आवळली असती तर? कुणाचंही पोर असो, अडकलं असतं ना."

मी डोक्याला हात लावला. ती मात्र मातीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मला आजही बघवत नाही. इतक्या लांब ज्याला आणायला आलो, तो गेला कुठं? आत होता का? असेल तर आता इथं उतरला, शत्रूच्या अंगणात, आणि नसेल तर अजून पाण्यात आहे. कोण सांगणार?

म्हातारीनंच विचारलं, मोडक्यातोडक्या मिंग्रेलमध्ये. "तुझ्याचं नाव काय?"

"मुर्मान."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन ताटल्या होत्या. दोन्हींत मक्याचा घट्ट घाटा, त्यात खोचलेलं चीज, कडेला लाल मिरचीचा ठेचा. दोन्ही तिनं कठड्यात शेजारी शेजारी ठेवल्या आणि जमिनीकडे बघून काहीतरी बोलली. त्यात मला दोनच शब्द कळले, आल्खास आणि मुर्मान.

झुझुना पुढं वाकली. "त्याला ठेचा नको," ती म्हणाली. "लहानपणापासून तोंड येतं त्याचं."

म्हातारीनं दुसऱ्या ताटलीतला ठेचा बोटानं पुसून काढला.

त्या रात्री आम्हाला त्यांनी आपल्या खोलीत झोपवलं आणि सकाळी बातालनं स्वतः गाडीतून पुलापर्यंत आणलं. वाटेत दोनदा पोरांनी अडवलं, दोनदा तो खाली उतरून बोलला. मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, झुझुनाशीही नाही. पुलावर त्याच सोललेल्या नाकाच्या पोरानं पखालीत हात घातला, ती उलटी करून झटकली आणि परत दिली. झुझुनानं ती घडी घालून पिशवीत ठेवली.

वसतिगृहात आल्यावर तिचं स्वप्न बंद झालं. मी तिला म्हटलं, दमलात म्हणून झोप लागते. ती म्हणाली, असेल. पण जिन्याशी तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. ती झुग्दिदीच्या स्मशानात जायची, मेणबत्ती लावायची, आणि परत आल्यावर खिडकीत बसून पलीकडच्या डोंगरांकडे बघायची. तिची काळजी कमी झाली नाही, तिनं फक्त जागा बदलली. पलीकडे पाऊस जास्त झाला तरी हिला चिंता, अक्रोडाच्या झाडावर वीज पडली तर म्हणून. आम्ही दोघींनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लामारानं आम्हाला खोलीतून बाहेर काढलं असतं, आणि तिचं फार चुकलं असतं असंही मला वाटत नाही.

मग एका मे महिन्यात पुन्हा पेटलं. आमचे लोक पलीकडे घुसले, त्यांचे रणगाडे खाली आले, आणि गालीत परत गेलेली माणसं पुन्हा पुलावरून पळत आली, तीच पोती, त्याच गाद्या. वसतिगृहाच्या अंगणात रेडिओ लावलेला. कुठलं गाव जळालं म्हणून सांगत होते, कधी आमचं, कधी त्यांचं. त्यांचं आलं की लोक टाळ्या पिटत.

झुझुना सकाळपासून रस्त्यावर उभी. बसला भिणारी, गर्दीला भिणारी बाई, येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला हात करून थांबवत होती. "आबझिराकडून आलात का? टेकडीमागचं गाव. तिथं तोफा पडल्या का? पहिल्या घरांकडे आग दिसली का?" कुणी उत्तर देत नव्हतं. कुणी म्हणालं, ते तर अबखाझांचं गाव, पडल्या असतील तर बरंच झालं. ती पुढच्या ट्रॅक्टरकडे धावायची.

संध्याकाळी मी तिला ओढून अंगणात आणलं आणि तिच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. तिनं तो नुसता धरून ठेवला. लामारा रेडिओजवळून उठून आली.

"दिवसभर बघतेय मी तुझं," ती झुझुनाला म्हणाली. सगळं अंगण ऐकत होतं. "आपली घरं जळतायत आणि ही त्यांच्या गावासाठी ऊर बडवतेय. का गं? तुझं कोण आहे तिथं?"

"माझा मुलगा आहे," झुझुना म्हणाली.

लामारा हसली. मग तिनं माझ्याकडे बघितलं, हिला वेड लागलंय असं मी म्हणावं म्हणून. सगळेच माझ्याकडे बघत होते. मुर्मानला पुरताना यातले निम्मे हजर होते.

"आहे," मी म्हटलं. "मी होते बरोबर, सोडून आलो तेव्हा."

आणि मी आबझिराची बातमी विचारायला रस्त्यावर गेले.